अठरा इंची फ्रेम घेऊन सुरतेला

डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा दाबला आणि मी टेबलावरून उठूनच बसलो.

"सर, एक तर सायकल नीट करून घ्या, नाहीतर बंद करा," ते म्हणाले. "असंच चालू ठेवलं तर जिने चढायचे वांधे होतील."

तीन वर्षांपूर्वी याच टेबलावर त्यांनी मला साखर वाढल्याचं सांगितलं होतं. तेव्हा मी चालायला सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी सोडली. योगासनांसाठी चटई आणली, तिच्यावर आता मंगल, म्हणजे माझी बायको, पापड वाळवते. टिकली ती एकच गोष्ट, सायकल. रोज पहाटे नंदुरबारच्या बाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांपर्यंत जायचं, दोनचार सणसणीत शिंका द्यायच्या आणि परत यायचं. साखर खरोखरच उतरली. त्यामुळे सायकल बंद करा म्हणजे काय, हे डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळत होतं.

सायकलीची थोडी ओळख करून देतो. मी तळोद्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, राहतो नंदुरबारला, रोजचं अप-डाऊन आहे. सायकल ऑनलाइन मागवली. तिथे उंची विचारली होती, मी पाच फूट पाच इंच भरली. खरी उंची पाच फूट दोन इंच. वरचे तीन इंच कुठून आले म्हणाल, तर एक बुटाचा, एक केसांचा आणि एक स्वभावाचा. त्याखाली त्यांनी 'लहान' आणि 'मध्यम' असे दोन पर्याय दिले होते. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने स्वतःसाठी 'लहान' कसं निवडायचं? मी मध्यम घेतली. अठरा इंची फ्रेम, काळी कुळकुळीत. व्हिडिओंमधल्या शर्यतवाल्यांसारखी सीटही उंच करून घेतली. सिग्नलला थांबायचं झालं की मला फुटपाथचा कठडा शोधावा लागे, पण नंदुरबारमध्ये सिग्नल असून असून किती असणार!

मग गेल्या पावसाळ्यात टक टक सुरू झाली. प्रत्येक पॅडलला एक टक. त्यापाठोपाठ मनगटांना मुंग्या, मग गुडघा. मी व्हिडिओ पाहून निदान केलं : बॉटम ब्रॅकेट. म्हणजे दोन पॅडलांच्या मधोमध असतं ते बेअरिंग. हा शब्द मी आमच्या स्टाफरूममध्ये इतक्यांदा वापरला की मराठीच्या बाईंनाही पाठ झाला. आमच्या बसस्टँडजवळचे सायकलवाले काका मात्र प्रामाणिक. त्यांनी गाडी उलटीसुलटी करून पाहिली आणि हात पुसले. "मास्तर, ह्या गिअरना भानगडमा माले काही समजत नही. सुरतले न्या."

असं ठरलं. शुक्रवारची रजा टाकली आणि रात्री जागून सुरतेतल्या अकरा दुकानांची यादी केली, इंटरनेटवरचे तारे मोजून. मंगलची मोठी बहीण रेखाताई सुरतेत उधन्याला असते. मंगल म्हणाली, "मी ताईकडे बसेन निवांत. तुम्ही तुमच्या सायकलीचा दवाखाना करा."

शुक्रवार : नंदुरबार ते सुरत

ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांच्यासाठी : सायकल सोबत नसेल तर सरळ रेल्वेने जा. सायकल असेल तर पार्सलच्या कागदांपेक्षा स्वतःची गाडी बरी. आमची गाडी छोटी. मागची सीट पाडली, सायकलचं पुढचं चाक काढलं, तरी हँडल मंगलच्या खांद्यावर आलंच. ती चार तास त्या हँडलशेजारी मान तिरकी करून बसली होती, आणि वळणावर ब्रेकची तार तिच्या कानात जात होती. मी "सायकलला लागत नाही ना?" असं दोनदा विचारलं. हे आता लिहिताना मला माझंच हसू येतंय. तेव्हा ती हसली नव्हती.

सहाला निघालो. डिसेंबरची थंडी, काचेवर दव. खांडबाऱ्यावरून विसरवाडीला हायवेला लागलो. विसरवाडीचा चहा आणि मिरचीची भजी चुकवू नका, दोघांचं शंभराच्या आत भागतं. टपरीशेजारी ट्रक लावून उभ्या असलेल्या एका ड्रायव्हरने आमच्या मागच्या काचेत डोकावून पाहिलं.

"पोऱ्यानी शे का सायकल?"

"मन्हीच शे," म्हणजे माझीच आहे, असं मीही अहिराणीत म्हणालो.

त्याने सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत सायकलकडे. "बरं बरं," म्हणाला आणि भज्यांकडे वळला. मला ते तेव्हा कौतुक वाटलं.

नवापूर ओलांडलं की भाषा हळूहळू पाटीवरून बदलत जाते. सोनगड, व्यारा, बारडोली. रस्ता चांगला आहे, पण ट्रकांची रांग लागली की घाई करू नका. साडेदहाला आम्ही उधन्यात होतो. रेखाताईच्या गल्लीत शिरलो की आपण सुरतेत आलोय हे विसरायला होतं. निम्मी गल्ली खानदेशातली, ओट्यावर गप्पा अहिराणीत. मंगल गाडीतून उतरली, मान सरळ केली आणि बहिणीला म्हणाली, "ताई, आधी बाम दे."

मी पोहे खाऊन लगेच यादीतल्या पहिल्या दुकानाकडे निघालो. सर्वात जास्त तारे असलेलं. काचेचं, एसी, आत कॉफीचं यंत्र. सायकली भिंतीवर चित्रांसारख्या टांगलेल्या. एका पाटीवरची किंमत मी दोनदा वाचली आणि हात मागे बांधले. टी-शर्टवाला तरुण विक्रेता आला.

मी तयारीने म्हणालो, "बॉटम ब्रॅकेट का प्रॉब्लेम है."

"अच्छा सर. कौन सा स्टैंडर्ड है, थ्रेडेड या प्रेस-फिट?"

इथे माझा अभ्यास संपला. व्हिडिओचा हा भाग मी पुढे ढकलला होता. "वही... जो आता है," मी म्हणालो.

त्याने सायकलकडे लांबूनच पाहिलं. चेन, गिअर, बॉटम ब्रॅकेट सगळं बदलावं लागेल आणि सर्व्हिसची वेळ नऊ दिवसांनी मिळेल, असं अतिशय नम्रपणे सांगितलं. कॉफी मात्र फुकट दिली आणि ती चांगली होती.

दुसरं दुकान जुन्या शहरातल्या गर्दीत. तिथे चारचाकी नेऊ नका. मी नेली, जागा मिळाली ती अर्ध्या किलोमीटरवर, आणि भर बाजारातून सायकल ढकलत गेलो. या दुकानात मुख्यतः लहान मुलांच्या तीनचाकी होत्या, पण मालकाचा आत्मविश्वास दांडगा. त्याने पाना घेतला आणि दिसेल तो नट आवळला, दिसेल त्या भोकात ग्रीस भरलं.

"काका, आ तो एकदम नवी जेवी थई गई!"

मी बसून दहा पावलं गेलो. आता टक टक दुप्पट झाली होती आणि पँटला ग्रीस लागलं होतं. परत जाऊन सांगायची हिंमत झाली नाही, कारण तो दारात उभा राहून कौतुकाने हात हलवत होता.

तिसऱ्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकत होते. तारे इंटरनेटवर तसेच होते. कोपऱ्यावर गरम लोचो, म्हणजे हरभरा डाळीचा वाफवलेला मऊ लगदा, खाल्ला, वर शेव, कांदा आणि भरपूर तेल. सुरतेला गेलात तर नक्की खा. माझ्या डॉक्टरांना सांगू नका.

संध्याकाळी ओट्यावर पराभूत चेहऱ्याने बसलो होतो. माझे साडू सुभाषराव कापड गिरणीतून आले आणि माझी सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली.

"मास्तर, डिंडोलीमा एक बाई शे," ते म्हणाले. "सायकलवाली. आपल्याच नवापूरकडनी. आमच्या गिरणीतले बठ्ठे, झाडून सगळे, तिच्याकडेच जातस."

"यादीत नाही ती," मी म्हणालो.

"यादीत कशी राही? तिना दुकानले पाटी बी नही."

गिअरच्या सायकली पाहणारी बाई, पाटी नसलेलं दुकान. मी 'बघू' म्हणालो, म्हणजे मनात 'नको' म्हणालो. पण जिना चढताना गुडघ्यात कळ आली आणि मी कठड्याला धरून उभा राहिलो. मंगल मागून चढत होती. सकाळी ती माझ्याआधी तयार होऊन बसली होती. "मीही येते," म्हणाली. "तुम्ही पुन्हा कोणाला तरी घाबरून परत याल."

शनिवार : डिंडोली

गल्लीच्या टोकाला पत्र्याचं शेड. भिंतीवर हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येक हत्यारामागे पांढऱ्या रंगाने त्याचीच आकृती काढलेली, म्हणजे कुठलं जागेवर नाही ते लगेच दिसावं. चाळिशीची एक बाई स्टुलावर बसून चाकाची एकेक तार बोटाने वाजवून पाहत होती. गळ्यात साधा काळा दोरा आणि त्यात क्रॉस, अंगावर साडीवरून पुरुषी खाकी शर्ट.

त्या मार्थाताई. नवापूरच्या सीमेवरच्या डोंगरातल्या. नवरा-बायको सुरतेला मजुरीला आले. सायकली जोडणाऱ्या एका गोदामात त्यांनी कैक वर्षं चाकं बसवली आणि मग स्वतःचं शेड टाकलं. नवरा सामान आणतो, हत्यार यांच्या हातात. घरची त्यांची बोली वेगळी, गिऱ्हाइकांशी गुजराती, आणि आमच्याशी शाळेतलं मराठी, स्वच्छ आणि सावकाश. (रविवारी प्रार्थना असते, दुकान बंद. जाणार असाल तर लक्षात ठेवा.)

"बॉटम ब्रॅकेट..." मी सुरुवात केली.

"आधी बसा," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"सायकलवर."

त्यांनी सायकल स्टँडला अडकवली. मी चढलो. चढलो म्हणजे एक पाय टाकला, थोडा लटकलो आणि मग पोहोचलो. त्या म्हणाल्या, पॅडल मारत राहा. मागे उभ्या राहून त्या माझ्या पाठीकडे बघत होत्या. टक. टक. टक.

"उतरा. उंची किती, सर?"

"पाच-पाच," मी म्हणालो.

"पाच-दोन," माझ्या मागून मंगल म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं, भाजीचा भाव सांगावा तसं.

मार्थाताई हसल्या नाहीत. "बूट काढा. भिंतीला टेका," म्हणाल्या. एक जाड वही माझ्या दोन्ही पायांच्या मध्ये वर सरकवली आणि वहीपासून जमिनीपर्यंत टेप लावली. मी मोज्यांवर, भिंतीला पाठ, पायांत वही. एवढा उघडा मी डॉक्टरांच्या टेबलावरही पडलो नव्हतो.

"गाडीत काही बिघाड नाही," त्या म्हणाल्या. "तुमचे पाय पोचत नाहीत. म्हणून तुम्ही प्रत्येक पॅडलला कंबर डावीकडे-उजवीकडे टाकता. सीट त्याने वाजते. गुडघाही त्याने दुखतो. सीट खाली करून देईन, पण हँडल लांबच राहणार. मुंग्या येतात ना हाताला?"

"येतात."

"छोटा दांडा टाकून हँडल जवळ घेता येईल," मीच शेवटचा व्हिडिओ आठवून पुढे म्हणालो.

"टाकून देते, सांगाल तर. पण सहा महिन्यांनी परत याल, आणि तेव्हा मला शिव्या द्याल."

 पावसाळ्यापासून स्टाफरूममध्ये बॉटम ब्रॅकेट बॉटम ब्रॅकेट करत होतो, आणि वाजत होतो तो मीच.

"ताई, तुम्ही बसा जरा," मार्थाताई मंगलला म्हणाल्या. "सरांना फरक दिसेल."

मंगल माझ्यापेक्षा पाच इंचांनी उंच आहे. आमच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी पाटावर उभा आहे, हे सांगायचं राहिलं. तिने ओढणी कमरेला बांधली आणि शांतपणे सीटवर बसली. पाय सहज पॅडलवर गेला. कोपर किंचित वाकलेला, पाठ मोकळी. मार्थाताईंनी ओळंब्याची दोरी तिच्या गुडघ्यावरून सोडली, ती बरोब्बर पॅडलवर आली. टक टक नाही. काहीच आवाज नाही.

"ही गाडी ताईंची आहे," मार्थाताई म्हणाल्या.

त्यांनी सायकल स्टँडवरून खाली घेतली. मला वाटलं, आता मंगल उतरेल. तिने एक पाय जमिनीला रेटला आणि गेली. गल्लीतून सरळ, कोपऱ्यावरून डावीकडे, दिसेनाशी.

"अगं!" मी ओरडलो. "ब्रेक! पुढचा ब्रेक दाबू नको!" आणि मोज्यांवरच पळत सुटलो. कोपऱ्यावर पोहोचलो तर रिक्षा, हातगाड्या, माणसं, मंगल कुठेच नाही. तेवीस वर्षांच्या संसारात मी या बाईला सायकलवर बसलेलं पाहिलं नव्हतं. पाच मिनिटं झाली. सुभाषरावांना फोन लावावा का, आणि लावला तर नक्की काय सांगावं, हे मला सुचेना. पायाखाली काहीतरी ओलं होतं, ते काय होतं ते मी बघितलं नाही.

मग ती उलट्या बाजूने आली. गाल लाल, केस सुटलेले, श्वास फुललेला. माझ्या पुढ्यात येऊन थांबली, एक पाय आरामात जमिनीवर. आणि मला विचारलं, "ओ, हाऊ गिअर कसा बदलतस?"

"तुला सायकल येते?"

"म्हनजे काय? कोरीटहून नंदुरबारले शाळेत कशी जाऊ मी मंग?"

"एसटीने... मला वाटलं..."

"सातवीपासून दहावीपर्यंत सायकलवरच जाऊ. बाबानी सायकल व्हती. दहावी झाली, भाऊले कॉलेजले लागनी, त्याले दीनी."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी इचारं?"

मार्थाताई खाली वाकून हत्यारं जागेवर लावायला लागल्या. त्या आकृत्यांमध्ये ती आधीच जागेवर होती.

आता प्रश्न माझा. मी म्हणालो, लहान फ्रेमची एखादी नवी सायकल सांगा. त्यांनी नवी दाखवलीच नाही. शेडच्या मागून एक जुनी काढली, पंधरा इंची, जांभळी, मडगार्डवर फुलपाखराचं स्टिकर. कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीची, ती परदेशी शिकायला गेली म्हणून विकायला ठेवलेली.

"गिअर तुमच्या गाडीसारखेच आहेत. रंगाचं मी काही करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "अर्धा तास चालवा. गुडघा दुखला तर घेऊ नका."

मी डिंडोलीच्या गल्ल्यांतून फुलपाखरावर बसून अर्धा तास फिरलो. दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. गुडघा गप्प, मनगटं गप्प. एक म्हातारे गृहस्थ ओट्यावरून म्हणाले, "सरस छे, भाई," आणि यावेळी मी त्यांना माझ्या सायकलबद्दल काहीही सांगितलं नाही. परत आलो तेव्हा मंगल स्टुलावर बसून मार्थाताईंकडून गिअर शिकत होती आणि दोघी चहा पीत होत्या. माझा कप झाकून ठेवला होता.

जांभळी सायकल माझ्या काळ्या सायकलच्या पावपट किमतीत आली. सीट खाली-वर करणं, ओळंबा, वही, शिकवणं, याचे किती म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या, "सर, बसवून बघितल्याशिवाय मी कोणालाच गाडी देत नाही. ते काम त्यातच आलं."

रविवार : परत

दोन सायकली आमच्या गाडीत मावणं शक्य नव्हतं. सुभाषरावांच्या ओळखीचा एक टेम्पो साड्यांचे गठ्ठे घेऊन नंदुरबारला निघाला होता, त्यात दोन्ही गेल्या. येताना मंगल पुढच्या सीटवर पाय पसरून बसली. रेखाताईने पोंकची पिशवी दिली होती, आपल्या हुरड्यासारखाच कोवळ्या ज्वारीचा, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. सोनगडपर्यंत ती संपली.

"मला बघायला आला होतात तेव्हा," ती नवापूरच्या अलीकडे एकदम म्हणाली, "तुम्ही बसलेले होतात. उठलात तेव्हा कळलं. तोवर मी आत जाऊन हो म्हणून आले होते."

मी आरशात बघून ट्रकला वाट दिली. दुसरं काय करणार!

घरी

आता महिना झाला. डॉक्टरांनी गुडघा दाबला, मी ओरडलो नाही. जांभळ्या सायकलीवरून शाळेत जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही, मराठीच्या बाईंनी त्यावर चारोळी केली आहे एवढंच सांगतो. तुम्ही सायकल घेणार असाल तर माझा एकच सल्ला : पायात वही धरा, टेपने मोजा, आणि मोजायला अशा माणसाला बोलवा जो तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मोठ्या शहरातलं चांगलं दुकान कसं ओळखायचं, हे मला आता विचारलंत तर सांगेन की जिथे आधी तुम्हाला बघतात आणि मग गाडीला.

गेल्या रविवारी आम्ही दोघं कोरीटला, तिच्या माहेरी, निघालो. ती पुढे, मी मागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पपईची शेतं आणि थंड ऊन. तिचा गिअर माझ्यापेक्षा अचूक पडतो. गाव आलं, तिच्या भावाचं घर आलं. ओट्यावर वहिनी उभी होती, तिने हात केला. मी वेग कमी केला. मंगलने घंटी वाजवली, हात हलवला आणि घर मागे टाकून सरळ पुढे गेली.

"अगं, घर राहिलं मागे!" मी ओरडलो.

"देखं मी," ती मान न वळवता म्हणाली. "वापस येताना बसू. शाळेत व्हतू तवय रोज घरलेच थांबनं पडे. पुढला रस्ता मी सायकलवर कधी देखाच नही."

मी गिअर बदलला आणि तिच्या मागे निघालो.